दम धर

मंजिरी आणि सुयोग यांचं एकमत होत नाही, हे कळायला संख्याशास्त्राची गरज नव्हती. चहात आलं घालायचं की गवती चहा, पंखा कितीवर ठेवायचा, दिवाळीला आधी धुळ्याला जायचं की जतला, यांवर लग्न झाल्यापासून त्यांचा खल चालू होता आणि दोघंही त्यात सुखी होते. पण हीच गोष्ट कुणीतरी आकड्यात मांडेल आणि पडद्यावर आलेख काढून दाखवेल, असं मात्र त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"तीन दशांश!" पडद्यावरच्या हेरवाडकर मॅडम म्हणाल्या. मुलांच्या डोकेदुखीवरच्या संशोधनाच्या त्या प्रमुख, आणि आकड्यांच्या बाबतीत भलत्याच कडक. "एक आला तर पूर्ण एकमत, शून्य आलं तर एकमताचा पत्ताच नाही. तुम्हा दोघांचा एकमत गुणांक तीन दशांश! अहो, वाटेवरची दोन अनोळखी माणसं धरून आणली असती तरी बरं जमलं असतं."

सुयोग हसला. मंजिरीने त्याला टेबलाखालून कोपराने ढोसलं.

दोघंही फिजिओथेरपिस्ट. कृष्णाकाठच्या तांबखडी गावातल्या शाळेत त्यांची नेमणूक झाली होती. तोवर शाळांतून दप्तरं जाऊन पडदा असलेली घडीची पाटी आली होती. पुस्तक तीच, वही तीच, खेळ तोच आणि मित्रही तिच्यातच. मुलं दिवसभर माना खाली घालून बसत आणि संध्याकाळी कपाळ धरून घरी येत. वर्गातल्या दर चार-पाच मुलांत एकाचं डोकं दुखायचं. मानेचा आणि डोक्याचा संबंध तसा जवळचाच. मानेकडून येणाऱ्या नसा आणि कपाळाकडून येणाऱ्या नसा मेंदूच्या बुडाशी एकाच जागी येऊन मिळतात. एकाच एसटी स्टँडवर दोन गावांच्या गाड्या लागाव्यात, आणि उतरलेला प्रवासी नेमका कुठल्या गाडीतून आला हे कळू नये, तसं मेंदूचं होतं. दमलेली असते मान, आणि दुखतं डोकं.

म्हणून मानेची परीक्षा घ्यायची. ती दिसायला अगदी सोपी. मूल उताणं झोपतं, हनुवटी गळ्याकडे ओढून घेतं आणि डोकं गादीपासून दोन बोटं वर उचलून धरतं. किती वेळ धरवतं ते मोजायचं, बस्स. पण त्या आकड्यावर विश्वास ठेवायचा तर एक पथ्य असतं. तेच मूल, तीच मान, मग मी मोजलं काय आणि तुम्ही मोजलं काय, आकडा सारखाच यायला हवा. वजनकाट्यावर दोनदा चढलं आणि दोनदा वेगळं वजन दिसलं, तर माणूस काट्यालाच शिव्या देतो.

तांबखडीत काटे तीन होते. मंजिरी, सुयोग आणि मानबिंदू.

मानबिंदू हे यंत्राचं नाव. नाव ठेवणाऱ्याला 'मान' या शब्दाचे दोन्ही अर्थ साधल्याचा भारी आनंद झाला असणार. तो होता एक मऊ पट्टा. गळ्याभोवती गुंडाळला की स्नायू काम करताना जी बारीकशी वीज निर्माण होते ती तो टिपायचा, डोकं कधी डळमळलं ते पाहायचा आणि शेवटी मानांक सांगायचा. हिरवा, पिवळा किंवा लाल. त्याला शिकवलं होतं ते सुयोगच्या मोजमापांवरून, कारण सुयोगचे आकडे दर खेपेला तंतोतंत जुळायचे. इतकंच काय, यंत्राला आवाजही त्याचाच होता. मुलांना तो फार आवडायचा. "शाब्बास! हनुवटी आत, डोकं वर... आणि आता दम धर!"

"सुयोगचं आणि यंत्राचं नऊ दशांशाच्या वर जुळतं," हेरवाडकर मॅडम सांगत होत्या. "मंजिरी, तुझं कुणाशीच जुळत नाही. तुझे स्वतःचेच सोमवारचे आणि शुक्रवारचे आकडे एकमेकांना ओळख देत नाहीत. मला वाईट वाटतं गं, पण पुढच्या सोमवारी तुझी मोजमापं मी अभ्यासातून काढून टाकणार आहे. त्यानंतर हे यंत्र राज्यभरच्या शाळांत जाईल."

पडदा विझला. शिकत असल्यापासून मंजिरीचा हात काटेकोर म्हणून नावाजलेला होता, आणि आता तीच नासका आंबा ठरली होती. तिला रडूच आलं, आणि सुयोगसमोर आलं म्हणून आणखी राग आला.

दुसऱ्या दिवशी यंत्राने कोयना पाटोळेला लाल ठरवलं.

कोयना पाचवीतली. अंगाने किरकोळ, तोंडाने तिखट आणि पाण्यात मासोळी. रविवारी नदी पार करायची शर्यत होती आणि अख्खं गाव तिच्याकडे डोळे लावून बसलं होतं. पण लाल मानांक म्हणजे वर्षभर पाणी बंद, झाडावर चढणं बंद, मानेला पट्टा.

"डोस्कं दुखतं ते खरं हाय मॅडम," कोयना रडवेली होऊन म्हणाली, "पर पाण्यात कवा बी न्हाई दुखत. आईची शप्पत!"

मंजिरीने तिला पुन्हा उताणं झोपवलं आणि स्वतः मोजलं. तिची पद्धत साधी होती. "डोकं असंच ठेवायचं, हलवायचं नाही. तोंड चालू राहू दे हवं तर." कोयनाचं तोंड कधी बंद असायचंच नाही. शर्यतीत कोण कोण उतरणार, कोणाला प्रवाह कुठे ओढतो, मेघराज कसा नुसताच फुशारक्या मारतो, हे सगळं सांगून झालं तरी तिचं डोकं वरच. यंत्राने दाखवलेल्या वेळेच्या दुप्पट वेळ झाला होता.

"बघा शालनताई," मंजिरी कोयनाच्या आईला म्हणाली, "मान उत्तम आहे हिची."

शालनताईंचं बाजारपेठेत मिरची कांडप होतं. त्या आल्या की खोलीत दोघीतिघी शिंकायच्या. त्यांनी लेकीकडे पाहिलं, मग टेबलावरच्या पट्ट्याकडे.

"मॅडम, राग मानू नगा. गेल्या थंडीत ही पोरगी डोस्कं धरून शाळंत पडली, वकली, डोळं उघडंना. मी कांडप तसंच चालू टाकून पळत आले हुते. त्या दिवशी ही पाण्यात असती तर?" त्यांनी लेकीला जवळ ओढलं. "तुमी माणूस हाय. माणसाचा जीव लेकरात गुततो. यंत्राचा न्हाई गुतत. यंत्र खोटं कशाला बोलंल?"

मंजिरीच्या मनात आलं, खरंच, आपला जीव गुंततो म्हणून आपलं घड्याळ सैल चालतं की काय? आपण चुकत असू आणि ही पोर नदीच्या मध्यावर डोकं धरून बसली, तर? शर्यत नको, असं आईने सांगितलं. कोयना पाय आपटत निघून गेली.

घरी आल्यावर मंजिरीने चहाचं आधण ठेवलं आणि त्यात आलंही घातलं, गवती चहाही घातला. म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"तू काहीतरी वेगळं करतोस," ती म्हणाली.

"काय करणार? तीच गादी, तेच घड्याळ, तीच पोरं."

"मग माझ्याकडे मेघराज दहा मोजेपर्यंत थरथरतो आणि तुझ्याकडे तो अख्ख्या शाळेत पहिला कसा? तो मुलगा सरळ बसत नाही रे, पाटीत नाक खुपसून असतो. रोज डोकं दुखतं त्याचं. आणि हिरवा!"

"माझे आकडे दर खेपेला तेच येतात मंजू. तुझे बदलतात. मी काय सांगू?"

"म्हणजे मी चुकीची."

"असं म्हणालो का मी?"

"सोमवारी मॅडम म्हणणारच आहेत. आणि ती पोर वर्षभर काठावर बसणार."

"अगं, जरा दम धर की! निघेल काहीतरी वाट."

"दम धर, दम धर! तुझं आपलं एकच तुणतुणं," असं म्हणून मंजिरी चहा न घेताच उठली. सुयोगने दोन्ही कप प्यायले आणि तोंड वाकडं केलं.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ती घाटाकडे गेली. कोयनाची समजूत काढायची होती, आणि काय बोलायचं ते काही सुचत नव्हतं. खालच्या पायऱ्यांवर छातीभर पाण्यात शाळेतली पोरं रांगेने उभी होती. कोयना वरच्या कोरड्या पायरीवर गाल फुगवून बसली होती. आईने पाण्यात जायचं नाही म्हणून बजावलेलं, पण पाण्याकडे बघायचं नाही असं काही सांगितलं नव्हतं.

"एक, दोन, तीन," पोरं एका सुरात ओरडली, "दम धर!"

आणि सगळी डोकी एकदम पाण्याखाली गेली.

वरच्या पायरीवर कोयनानेही नाक दाबलं होतं. कोरड्यानेच खेळात भाग घेऊन ती डोळे वटारून बसली होती. थोड्याच वेळात तिने नाक सोडलं आणि फुस्सकन हसली. "मी गेले! बुडीत मी लई ढ हाय मॅडम. मला सारखा श्वास लागतो. पोहताना हाताबरोबर घेतीया ना मी, तीच सवय."

मंजिरीने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. ती पाण्याकडे बघत होती. आधी हर्षू वर आला. मग दोघी जुळ्या, एकीपाठोपाठ एक. मग सरपंचांचा नातू. सगळ्यात शेवटी, बाकीचे घाबरून हाका मारू लागल्यावर, मेघराज खिदळत वर आला.

कोयना, हर्षू, जुळ्या, नातू, मेघराज. हा क्रम तिने कुठेतरी वाचला होता. घाटावर नव्हे, शाळेत. मानबिंदूच्या निकालाच्या यादीत, खालून वर.

"कोयना," तिने सावकाश विचारलं, "दम धर म्हटलं की तू काय करतेस?"

"काय करतीया म्हंजे?" बाईंना एवढंही कळत नाही याची कीव येऊन कोयना म्हणाली. "श्वास कोंडून धरायचा. आनी काय?"

"आणि सुयोग सर म्हणाले तर?"

"तवाबी त्येच की! सर म्हणत्यात म्हणून डोस्कं वर उचलून श्वास धरायचा. पर त्यानं लई डोस्कं ठणकतं ओ. सुटला की टाकायचं डोस्कं खाली."

मंजिरी जी सुटली ती थेट घरी. सुयोग पोह्यांना फोडणी देत होता.

"सुयोग, दम धर म्हणजे काय?"

"म्हणजे? थांब, धीर धर, घाई करू नको. आमच्या जतला पाऊस येईपर्यंत सगळे हेच म्हणतात एकमेकांना."

"तुमच्या जतला नदी आहे का?"

"कुठली आलीय!"

"इथे आहे. इथलं पोर चालायला लागलं की पाण्यात जातं, आणि इथल्या पोरांच्या भाषेत दम धर म्हणजे श्वास कोंडून धर! तू मानेची ताकद मोजत नव्हतास रे. बुडी मोजत होतास!"

सुयोगचा झारा हवेतच राहिला. कढईतली मोहरी तडतडून काळी झाली, कांदा करपायला लागला, तरी तो हलला नाही.

"म्हणून माझे आकडे दर खेपेला तेच यायचे," तो अखेर म्हणाला. "प्रत्येकाची बुडी ठरलेली असते."

"आणि माझे बदलायचे, कारण मान रोज वेगळी दमते. सोमवारी कमी, आठवडाभर पाटीत घातलेली शुक्रवारी जास्त. आणि श्वास कोंडला की छातीतला दाब डोक्यात चढतो, गळ्याचे वरवरचे स्नायू ताठरतात आणि दमलेली मानही पेलून धरतात. श्वास सुटला की तेही सुटतात. पट्ट्याला वाटतं मान गेली."

"रोज दहा मिनिटं पुढे जाणारं घड्याळ," सुयोग स्वतःशीच म्हणाला. "कधी चुकत नाही, आणि कधी बरोबरही नसतं. मंजू, ते घड्याळ राज्यभर जाणार होतं. माझ्या आवाजात!"

त्याचा चेहरा इतका पडला की मंजिरीला जिंकल्याचा आनंद नीट घेताच येईना. पण सुयोग तसा सरळ माणूस. करपलेल्या कढईवर झाकण टाकून त्याने स्वतःच हेरवाडकर मॅडमना फोन लावला. "मॅडम, चूक माझी आहे," इथूनच त्याने सुरुवात केली.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्यासारख्या बाईला नुसती गोष्ट पटणं शक्य नव्हतं. "गंमत छान आहे," त्या म्हणाल्या, "पण मला आकडे हवेत. आजच घ्या. निम्म्या मुलांना आधी जुनी सूचना, मग नवी. निम्म्यांना उलटं. मध्ये भरपूर विश्रांती. पट्टा तोच, आणि शब्द सोडून बाकी काही बदलायचं नाही. नवी सूचना काय देणार?"

"श्वास चालू ठेव," सुयोग म्हणाला.

"असं म्हटलं की माणूस हमखास श्वास विसरतो," मंजिरी म्हणाली. "त्यांना काहीतरी मोठ्याने बोलायला लावू या. बोलताना श्वास कोंडता येत नाही." आणि जरा थांबून म्हणाली, "पाढा म्हणायला लावू."

संध्याकाळी शाळेत हा गोंगाट! गादीवर उताणी पडलेली पोरं हनुवट्या आत घेऊन छताला पाढे ऐकवत होती. पट्ट्यातून सुयोगचाच आवाज येत होता, पण नव्याने भरलेला. "डोकं वर... आणि आता पाढा म्हण!" मेघराजने दोनाचा पाढा घेतला आणि बे पंचेला त्याचं डोकं गादीवर आलं. पट्टा लाल झाला. तो ओशाळून हसला, पण मंजिरीने त्याच्या पाठीवर थाप मारली. रोज डोकं दुखणाऱ्या त्या पोराची दमलेली मान पहिल्यांदाच यंत्राला दिसली होती. आता तिच्यावर उपाय करता येणार होता.

कोयनाने अर्थातच एकोणतीसचा पाढा निवडला. साधं काही केलं तर ती कोयना कसली! मध्ये दोनदा अडखळली, मागे जाऊन पुन्हा आली, एकोणतीस दाहे दोनशे नव्वद म्हणून तिने छताला वाकुली दाखवली, आणि तरीही तिचं डोकं वरच होतं. पट्टा हिरवागार.

शालनताई दारात उभ्या होत्या. "त्या दिवशी ह्येच यंत्र लाल म्हनत हुतं," त्या संशयाने म्हणाल्या.

"तुमच्या कांडपात मिरच्यांबरोबर खडे पडले तर काय बाहेर येतं?" मंजिरीने विचारलं.

"खड्यांचं तिखट."

"त्यात यंत्राचा काय दोष? आम्ही खडे घातले होते."

शालनताईंनी पट्टा हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. "मग हिचं डोस्कं दुखतं त्ये कशानं?"

"ते मला अजून माहीत नाही," मंजिरी म्हणाली. खोटा दिलासा देणं तिच्या जिवावर आलं होतं. "मानेमुळे नाही, एवढं आता नक्की कळलं. डोळे तपासू, झोप बघू, सकाळी उपाशी शाळेत येते का ते बघू. शोधून काढू. पण उद्या कोणीतरी होडीतून तिच्या बाजूने जायला हवं, आणि जरा जरी डोकं दुखलं तरी तिने हात वर करायचा."

"होडीत मी बसनार," शालनताई म्हणाल्या. कोयनाने आईच्या कमरेला मिठी मारली आणि लगेच दोनदा शिंकली.

रात्री हेरवाडकर मॅडमचा निरोप आला, नव्या सूचनेच्या आकड्यांचा. मंजिरी आणि यंत्र, नऊ दशांश. सुयोग आणि यंत्र, नऊ दशांश. मंजिरी आणि सुयोग, नऊ दशांशाच्याही किंचित वर. खाली त्यांनी लिहिलं होतं की राज्यातल्या प्रत्येक भागात मुलांना आधी विचारा, तुम्ही या शब्दाला काय समजता, आणि मगच यंत्राला बोलतं करा. सुयोगचं म्हणणं पडलं की ते आकडे चौकटीत घालून बैठकीत लावावेत. मंजिरीच्या मते स्वयंपाकघरात. झोपेपर्यंत त्यावर तोडगा निघाला नव्हता.

रविवारी दोन्ही काठ माणसांनी फुलले होते. शिट्टी वाजली आणि पोरांनी पाण्यात उड्या घेतल्या. कोयनाची पिवळी टोपी पहिल्या काही हातांतच पुढे निघाली. तिच्या उजव्या बाजूला होडी, होडीची कड घट्ट धरून बसलेल्या शालनताई.

अर्ध्यावर, जिथे प्रवाहाचा जोर असतो तिथे, टोपी जरा मागे पडली. दुसरी एक निळी टोपी तिच्या जवळ आली. मग पिवळी थांबल्यासारखीच वाटली. मंजिरीने साडीचा पदर मुठीत आवळला. हात वर होतोय का? त्या चमकत्या पाण्यात काही दिसेना. आपण चुकलो असू तर? त्या बाईने आपल्या शब्दावर पोर पाण्यात सोडली होती.

"मंजू," शेजारून सुयोग हळूच म्हणाला.

तिचे ओठ घट्ट मिटले होते, गाल फुगले होते, चेहरा लाल झाला होता.

"मंजू, पाढा म्हण."

तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की आपण केव्हापासून श्वासच घेतलेला नाही. तिने भसकन श्वास सोडला आणि, आजूबाजूची माणसं बघत असतानाही, मोठ्याने सुरू केलं. "एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न." पिवळी टोपी हलली. प्रवाह तिरका कापत ती निघाली, हाताबरोबर श्वास, हाताबरोबर श्वास. "एकोणतीस पंचे एकशे पंचेचाळीस. एकोणतीस सक एकशे चौऱ्याहत्तर." निळी टोपी मागे पडली. पलीकडचा काठ कोयनाच्या नावाने ओरडू लागला.

"एकोणतीस सत्ते..." मंजिरी अडली.

"दोनशे तीन," सुयोग म्हणाला.

मंजिरीने त्याच्याकडे पाहिलं. एरवी ती बोटांवर मोजून खात्री करून घेतल्याशिवाय राहिली नसती.

"दोनशे तीन," ती म्हणाली आणि पुन्हा नदीकडे वळली, तेव्हा कोयनाने पलीकडच्या पायरीला हात लावला होता.